जास्वंदीवरचा पांढरा कापूस: आंतरप्रवाही औषध कधी, कोणतं आणि कसं

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की कोकणातल्या अंगणांत जास्वंदीचे शेंडे आखडू लागतात, क्रोटनच्या पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसतो, अनंताची पानं वरून काळी पडतात. मग घरातलं कुणीतरी कृषी सेवा केंद्रात जाऊन "झाडावर पांढरं पडलंय, काहीतरी जालीम द्या" असं सांगतं आणि बहुतेक वेळा आंब्याच्या तुडतुड्यांसाठी वापरतात तीच बाटली घरी येते. बाटलीत दोष नसतो. पण आतलं औषध आंतरप्रवाही असतं, म्हणजे ते झाडाच्या अंगात शिरतं, कित्येक आठवडे तिथं राहतं आणि फुलातल्या मधापर्यंत पोचतं. एवढी ताकद असलेली वस्तू अंदाजाने वापरता येत नाही.

औषधाचं नाव हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी चार गोष्टी ठरवायच्या: रस कोण शोषतंय, झाडाच्या कुठल्या भागातून शोषतंय, त्या झाडाच्या फुलापानांचं पुढे काय होतं, आणि सध्या महिना कोणता चालू आहे. या चारांची उत्तरं मिळाली की निम्म्याहून अधिक वेळा आंतरप्रवाही औषधाची गरजच उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिलं काम: भिंग घ्या, पान उलटा

दहा पटीचं साधं भिंग पुरतं. सकाळच्या उजेडात शेंडा, पानाची खालची बाजू, देठाचं बेचकं आणि खोडाच्या सालीच्या भेगा बघा.

मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर दाटीने बसतो. हिरवा, पिवळा किंवा काळपट, मोहरीएवढा. पिठ्या ढेकूण म्हणजे तो "पांढरा कापूस", ज्याला नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. जास्वंदीवर याची गुलाबी जात विशेष येते आणि तिच्यामुळे शेंडे आखडून गुच्छासारखे होतात. पांढरी माशी झाड हलवलं की भुरकन उडते आणि परत पानाखाली बसते. माडावर, शोभेच्या पामवर, केळीवर, हेलिकोनियावर पानाखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी दिसली तर ती सर्पिलाकार पांढरी माशी. तिची रुगोज ही जात भारतात प्रथम २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळबागांत सापडली आणि नंतर पश्चिम किनाऱ्यानेही पसरली.

खवले किडीत दोन प्रकार आहेत आणि औषध निवडताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. मऊ खवले फुगीर, तपकिरी किंवा हिरवट असतात, त्यांच्या खालची पानं चिकट होतात आणि मुंग्यांची रांग लागते. कवचधारी खवले चपटे, ठिपक्यासारखे असतात. नखाने वरचं कवच अलगद उचललं तर आतली कीड वेगळी दिसते आणि पानाला चिकटपणा अजिबात नसतो.

फुलकिडे बघायला कळी किंवा फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक रेघांसारखे किडे पळताना दिसतात. त्याच कागदावर धुळीच्या कणाएवढे, आठ पायांचे, संथ सरकणारे ठिपके दिसले आणि पानाखाली बारीक जाळं असलं तर ते लाल कोळी. ते कीटक नव्हेत.

एक काळजी जरूर घ्या. पिठ्या ढेकणांच्या वस्तीत त्यांच्यासारखाच पांढऱ्या झिरमिळ्यांचा, पण आकाराने मोठा आणि चपळ जीव दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असते आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. अनेक अंगणांत तिलाच सगळ्यात मोठा मिलीबग समजून पहिली फवारणी होते.

कीड रस कुठून घेते, यावर औषध चालतं

झाडात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. एकीतून मुळांचं पाणी वर चढतं, दुसरीतून पानांत तयार झालेलं अन्न सगळीकडे जातं. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि मऊ खवले अन्नवाहिनीत सोंड खुपसतात. त्या रसात साखर भरपूर, म्हणून जास्तीची साखर ते चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते, ती काजळी. पान चिकट असेल तर आंतरप्रवाही औषधाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली, ही सोपी खूण लक्षात ठेवावी.

कवचधारी खवले अन्नवाहिनीला तोंड लावत नाहीत. ते पेशी फोडून त्यातला रस घेतात. म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मुळाशी ओतूनही ते तसेच राहतात आणि लोक म्हणतात औषध नकली होतं. फुलकिड्यांचंही तसंच. ते पृष्ठभाग खरवडून रस पितात आणि फुलाच्या पाकळ्यांत औषध पुरेसं पोचत नाही, त्यामुळे गुलाबाच्या कळीतले फुलकिडे मुळाशी दिलेल्या औषधाने आटोक्यात येत नाहीत.

लाल कोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. इमिडाक्लोप्रिडच्या कुटुंबातली औषधं कोळ्यांना मारत नाहीत, उलट त्यांच्या वापरानंतर कोळी वाढल्याची उदाहरणं अनेक झाडांवर नोंदली गेली आहेत. कोळी असतील तर पानाखाली जोराने पाणी मारणं, नाहीतर पाण्यात मिसळणारं गंधक किंवा स्पायरोमेसिफेनसारखं खास कोळीनाशक, एवढाच मार्ग. गंधक मात्र कडक उन्हात पानं भाजतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी ते वापरू नये.

आधी हे करून बघा

कुंडीतली दहा-वीस झाडं असतील तर नळीच्या पाण्याचा जोराचा फवारा पानाखाली मारणं, आठवड्यातून दोनदा असं तीन आठवडे, एवढ्यानेच मावा आणि पांढरी माशी बरीच खाली येते. फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकले तर कीड चालत परत येते.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय पिठ्या ढेकणांवर कसलाही उपाय टिकत नाही. चिकट्यासाठी मुंग्या त्यांना राखतात, परभक्षी किड्यांना हुसकावतात आणि पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर नेतात. खोडाला कापडी पट्टी बांधून त्यावर ग्रीस लावा, कुंड्यांचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवा, भिंतीला किंवा गडग्याला टेकलेल्या फांद्या छाटा.

मग सौम्य द्रव साबण लिटरला ५ मिली, किंवा १०,००० पीपीएमचं कडुनिंबयुक्त औषध लिटरला २ ते ३ मिली. मेणाचा थर असलेल्या किडीवर कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात भिजवून पुसून काढणं हेच खरं. कोकणातल्या दमट हवेचा एक मोठा फायदा आपण घेत नाही. लेकॅनीसिलियम ही किडींवर वाढणारी बुरशी (दुकानात व्हर्टिसिलियम या जुन्या नावानेही मिळते) ओलाव्यात उत्तम काम करते. पावसाच्या उघडिपीत, संध्याकाळी, लिटरला ५ ग्रॅम फवारली तर पिठ्या ढेकूण आणि मऊ खवल्यांवर चांगला परिणाम दिसतो. देशावरच्या कोरड्या हवेत ती एवढी साथ देत नाही. तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळायचं नाही, हे मात्र पाळा.

माडावरच्या आणि पामवरच्या सर्पिलाकार माशीसाठी तर रासायनिक औषध टाळाच. एन्कार्शिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी तिच्या पिल्लांत अंडी घालते. पानाखाली काळी पडलेली पिल्लं दिसली की समजायचं, ती कामाला लागली आहे. अशा वेळी फवारणी केली तर आधी तीच मरते. काजळी फार झाली असेल तर एक टक्का खळीचं पाणी फवारावं. ऊन लागलं की खळ वाळते आणि काजळीचे पापुद्रे गळून पडतात.

कोणत्या झाडाला आंतरप्रवाही औषध द्यायचंच नाही

तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, आळू, ओवा यांना नाही. बाजूच्या वाफ्यात भाजी असेल आणि मुळं एकमेकांत गेली असतील तर त्या झाडालाही नाही. ज्या जास्वंदीची फुलं तेलात उकळतात, ज्या गुलाबाचा गुलकंद होतो, ज्या अबोलीची आणि मोगऱ्याची वेणी रोज केसात माळली जाते, लहान मुलं ज्या एक्झोराच्या फुलातला मध चोखतात, त्यांना माझं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे. फवारलेलं पान धुता येतं, पण आतून आलेलं औषध धुतलं जात नाही.

मधमाश्यांचा विचार यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. आपली सातेरी, डंख नसलेल्या बारीक माश्या, जास्वंदीवर लोंबकळणारे शिंजीर पक्षी हे सगळे अंगणातल्या फुलांवर येतात, आणि त्याच माश्या पुढे आंब्याच्या मोहरावर, नारळाच्या पोयीवर, काजूवर काम करतात. याच धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. बारमाही फुलणाऱ्या झाडाला हे औषध देण्याची सुरक्षित वेळ जवळजवळ नसतेच. क्रोटन, अरेलिया, ड्रसीना, शोभेचे पाम, फायकस अशा पानांसाठी लावलेल्या झाडांना, आणि हंगामी फुलणाऱ्या झाडांना फुलोरा संपल्यानंतर, हे औषध त्यातल्या त्यात समजून देता येतं.

आता औषधाची निवड

दुकानात दिसणारी नावं बरीच असली तरी कुटुंबं थोडी आहेत. इमिडाक्लोप्रिड (कॉन्फिडोर या नावाने आंबा बागायतदारांच्या परिचयाचं), थायामेथोक्झाम (अॅक्टारा), अॅसिटामिप्रिड आणि डायनोटेफ्युरॉन ही चारही एकाच निओनिकोटिनॉइड कुटुंबातली. कॉन्फिडोरने जमलं नाही म्हणून अॅक्टारा आणणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. कीड एकाला सरावली की त्याच कुटुंबातल्या दुसऱ्यालाही सरावण्याची शक्यता असते.

या चौघांत फरक आहेत. इमिडाक्लोप्रिड हळूहळू चढतं आणि कुंडीत महिना-दोन महिने, जमिनीतल्या मोठ्या झुडपात त्याहूनही जास्त काळ टिकतं. सेंद्रिय पदार्थाला ते चिकटून बसतं, म्हणून निव्वळ कोकोपीट किंवा शेणखताने भरलेल्या कुंडीत त्याचा परिणाम कमी दिसतो. थायामेथोक्झाम पाण्यात त्याहून पुष्कळ जास्त विरघळतं आणि लवकर पोचतं. डायनोटेफ्युरॉन सगळ्यात जास्त विरघळणारं. कवचधारी खवल्यांवर या कुटुंबातलं तेवढं एकच बऱ्यापैकी चालतं, पण टिकाऊपणा कमी. अॅसिटामिप्रिड फवारणीसाठी, आणि मधमाश्यांना या कुटुंबातल्या इतरांपेक्षा कमी घातक. सुरक्षित मात्र म्हणता येणार नाही.

डायमेथोएट (जुन्या मंडळींचं रोगर) आणि अॅसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट कुटुंबातली. स्वस्त, जलद, पण उग्र वासाची, मित्रकीटकांना सरसकट मारणारी आणि माणसाच्या मज्जासंस्थेवर थेट परिणाम करणारी. डायमेथोएटने शेवंतीच्या काही जातींची पानं भाजतात. घराच्या पडवीला लागून असलेल्या झाडांवर ही दोन्ही वापरू नयेत.

फ्लोनिकामिड (उलाला) वेगळ्या कुटुंबातलं आहे आणि माव्यावर माझी पहिली पसंती त्यालाच. ते किडीचं रस पिणं बंद पाडतं. कीड लगेच मरून पडत नाही, दोन-चार दिवस जागेवर दिसते आणि उपासमारीने जाते. हे माहीत नसलं की लोक तिसऱ्या दिवशी दुसरं औषध मारतात. ढालकिड्यांना आणि मधमाश्यांना त्याचा त्रास तुलनेने कमी.

स्पायरोटेट्रामॅट हे झाडात वर आणि खाली, दोन्ही दिशांना फिरतं. सालीच्या भेगांत, मुळांजवळ लपलेल्या पिठ्या ढेकणांसाठी याचा उपयोग. ते मुख्यतः पिल्लांवर काम करतं, त्यामुळे निकाल दिसायला दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. आपल्याकडे ते इमिडाक्लोप्रिडसोबतच्या मिश्रणातही मिळतं. मिश्रण घेतलं तर मधमाश्यांबद्दल वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू. बुप्रोफेझिनचं नाव दुकानदार सांगतात, पण ते आंतरप्रवाही नाही. पिल्लांची कात टाकणं थांबवतं, म्हणून पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणांच्या कोवळ्या अवस्थेवर, नेमकं पानाखाली फवारलं तरच चालतं.

बाटली घेताना लेबलावरचा तिरका चौकोन बघा. खालच्या त्रिकोणाचा लाल रंग अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम. घरच्या बागेत लाल आणायचाच नाही, निळा किंवा हिरवा मिळत असेल तर पिवळा घेऊ नये. कीटकनाशक कायदा १९६८ खाली प्रत्येक औषध ठरावीक पिकांसाठी आणि किडींसाठी नोंदलेलं असतं, आणि शोभेच्या झाडांचा उल्लेख फार थोड्या लेबलांवर असतो. आपलं झाड त्यात नसेल तर किडीची फांदी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. कोसबाड, रोहा, लांजा, किर्लोस इथं ती आहेत, आणि दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभागच आहे. माड-पामसाठी रत्नागिरीजवळ भाट्येचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र.

आळवणी की फवारणी: इथं जांभा आणि पाऊस निर्णय देतात

पुस्तकी सल्ला असा की मुळाशी दिलेलं औषध मित्रकीटकांना कमी लागतं, म्हणून आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणं, बरी. कोकणात हा सल्ला जसाच्या तसा घेता येत नाही. आपला जांभा सच्छिद्र, त्यावर मातीचा थर जेमतेम, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो. याच काळात मुळाशी ओतलेलं, पाण्यात विरघळणारं औषध झाडात शिरण्याआधी खाली उतरून विहिरीत किंवा वहाळात जाऊ शकतं. ही औषधं मासळीपेक्षा कोळंबी, खेकडे आणि पाणकिडे यांना कितीतरी अधिक घातक आहेत, आणि वहाळ शेवटी खाडीलाच मिळतो.

म्हणून माझा नियम असा: जून ते सप्टेंबर जमिनीत आळवणी पूर्ण बंद. ऑक्टोबरच्या अखेरीनंतरही विहिरीच्या, वहाळाच्या किंवा उताराच्या बाजूच्या झाडांना जमिनीत काही ओतायचं नाही. आळवणी करायची तर कुंडीत, तीही लेबलावर किंवा तज्ज्ञाने लेखी सांगितलेल्या प्रमाणात. आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्या. कोरड्या मातीत औषध एका बाजूने निसटतं, चिखल असेल तर मुळं ते ओढत नाहीत. दहा इंची कुंडीला साधारण पाव लिटर द्रावण, हळूहळू, खालच्या भोकातून गळणार नाही इतपत. ताटलीत उतरलं तर तेच पुन्हा कुंडीत घाला. पुढे दोन-तीन दिवस पाणी बेताने. मऊ खोडाच्या झाडात आठवड्यात परिणाम दिसतो, क्रोटन किंवा फायकससारख्या लाकडी झुडपात तीन-चार आठवडे लागतात.

फवारणीत इमिडाक्लोप्रिडसारखं औषध पानातून शेंड्याकडे सरकतं, पण खालच्या फांद्यांकडे उतरत नाही. त्यामुळे वरवर फवारून खालची कीड जाईल ही अपेक्षा धरू नका. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे.

मोजमाप आणि हाताळणी

फवारणीची नेहमी शिफारस होणारी प्रमाणं अशी: इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली. थायामेथोक्झाम २५ टक्के, १० लिटरला २ ग्रॅम. अॅसिटामिप्रिड २० टक्के, १० लिटरला २ ग्रॅम. फ्लोनिकामिड ५० टक्के, १० लिटरला ३ ग्रॅम. हातातल्या लेबलावर वेगळं असेल तर लेबल प्रमाण.

एवढ्याशा औषधाचं माप टोपणाने होत नाही. मेडिकलमधली बिनसुईची २ मिलीची सिरिंज आणा आणि तिच्यावर "औषध" लिहून ती बाकी कशालाही वापरू नका. लिटरभर द्रावणासाठी ०.३ मिली म्हणजे तिच्यावर तीन बारीक रेघा. पावडर घरगुती काट्यावर नीट मोजता येत नाही. शेजारची चार घरं एकत्र येऊन १० लिटर एकाच दिवशी करा, पाकीट पूर्ण संपवा. द्रावण उरवून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. डायमेथोएट तर क्षारयुक्त पाण्यात लवकर निकामी होतं, म्हणून किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचं पाणी टाळा.

वेळ सूर्यास्तानंतरची घ्या, माश्या पोळ्यात परतलेल्या असतात आणि खाऱ्या वाऱ्याचा जोरही बघून घेता येतो. वारा असेल तर थांबा. आधी दोन-चार पानांवर फवारून तीन दिवस बघा, मग बाकीचं झाड. पूर्ण बाह्यांचा सदरा, नायट्राइल हातमोजे, चष्मा, मास्क हे सगळं चार कुंड्यांसाठीही हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्वचेतून आणि श्वासातून विष शिरतं ही गोष्ट आपण किती हलक्यात घेतो, ते तिथं दिसलं. चक्कर, मळमळ, घाम, धूसर दिसणं यातलं काही जाणवलं तर कपडे काढून अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचं लेबल दवाखान्यात सोबत न्या. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यातच ओता आणि बाटलीला भोकं पाडा, म्हणजे ती तेलाला किंवा रॉकेलला वापरली जाणार नाही.

नंतर काय बघायचं

मेलेले पिठ्या ढेकूण आणि खवले झाडालाच चिकटून राहतात, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. काडीने दाबा. ओलं निघालं तर जिवंत, भुगा झाला तर मेलेली. पान नव्याने चिकट होत नाही आणि मुंग्यांची रांग तुटली, ही जास्त भरवशाची खूण. आखडलेले जुने शेंडे सरळ होणार नाहीत, ते छाटा. नवीन फूट स्वच्छ आली की काम झालं. त्या फुटीला लगेच युरिया घालू नका, जास्त नत्राची लुसलुशीत पानं माव्याला बोलावून आणतात.

तीन आठवड्यांनी ओली कीड सापडत असेल तर कुटुंब बदलून एकदाच पुन्हा उपाय करा. त्यानंतरही तीच स्थिती राहिली तर कुंडी उलटी करून मातीचा गड्डा बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरं पीठ दिसलं तर मुळांवरचे पिठ्या ढेकूण वरच्या फांद्यांना सतत नवी कीड पुरवत आहेत. माती पूर्ण झटकून मुळं धुवा, ती माती बागेत पसरू नका, कुंडी कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवा आणि ताज्या मातीत झाड लावा.